थांब म्हणेपर्यंत

…नाही नाही, स्वेटर तिला कोणी शिक्षा म्हणून घातलेला नाही, निवृत्तीभाऊ. मीच घातलाय. लोकरीचा, मे महिन्यात — बरोबर बघितलंत. बसा. अहो बसा हो, नामपूरहून सकाळच्या यष्टीत उभ्यानं आलो म्हणता आणि इथंही उभेच — त्या बाकावर बसा, निंबाची सावली तेवढीच आहे, बाकी सगळं रान मी मोकळं करून टाकलं. इथं आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. आमची आई, गोजराबाई, पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीच्या बाजारात जायची पहाटे. भावानं त्याच्या वाट्यात बंगल्यांचे प्लॉट पाडले, अख्खा गंगापूर रोड तेच करतोय, आणि मी माझ्या वाट्यात मुरूम टाकला. तीनशे मीटरची गोल वाट. लोक म्हणाले, यादव येडा झाला. म्हणू द्या. आज तीच माणसं पोरांना घेऊन येतात आणि यादव सर, यादव सर करतात — हां, ती बघा, आली. हात करू नका. हात करू नका म्हणतो ना! लक्ष जातं तिचं. दिसली ना लेक? पळतेय ना? मग झालं तर.

पळून झालं की भेटा, पोटभर भेटा, मी कुठं नको म्हणतोय? शंभर फेऱ्या आहेत. तीस किलोमीटर. साडेसातला सुरू केलंय, आता — सव्वाअकरा. बाकीची आठ पोरं सुट्टीला घरी गेली, हिला मी ठेवून घेतली. हो, मीच. ती स्वतःच राहते म्हणाली असं मी फोनवर बोललो होतो का तुमच्याशी? असेल बोललो. तिला विचारलं असतं तर ती तेच म्हणाली असती, म्हणून मीच बोलून टाकलं. आणि ती एसटीडीवरून रडली म्हणता — अहो, दहावी होऊन वर्ष झालं, सतरा वर्षांची पोर, आईचा आवाज ऐकला की रडणारच. म्हणून तर मी रविवारीच फोन करू देतो. तुम्ही वहिनींचं ऐकून तडक गाडी पकडलीत. बाप आहात, समजू शकतो. पण घेऊन जायला आलात, आणि काय घेऊन जाताय ते तरी आधी ऐकून घ्या.

हे घमेलं बघा. आणि हे दुसरं. ह्यात शंभर खडे होते सकाळी. एक फेरी झाली की तिनं ह्यातला एक उचलायचा आणि त्यात टाकायचा. टण्ण वाजतो. मला मान वर करायची पण गरज नाही, पेपर वाचत बसलो तरी कळतं. आमची आई असंच करायची — किती जुड्या बांधल्या त्याला एकेक खडा. शाळा शिकली नव्हती, पण एक जुडी इकडची तिकडं व्हायची नाही. आता गंमत बघा. ती गेली ना त्या वळणाला? पाठ आहे तिची इकडं? हे घेतले — दहा, बारा खडे — आणि हे टाकले परत ह्यात. झालं. काय झालं? असे काय बघता माझ्याकडं? अहो, आकडा कळला की पाय जड होतात. शंभर म्हटलं की माणूस नव्वदीला मरायला टेकतो, आणि दीडशे म्हटलं की एकशेचाळीसला. पाय तेच, मग मरण पन्नास फेऱ्या पुढं कसं सरकलं? म्हणून पळणाऱ्याला किती आहेत ते कळूच द्यायचं नाही. तिला कळतं का? कळत असेल. पोर हुशार आहे, घमेल्याकडं बघते, मग माझ्याकडं बघते. बोलत नाही. पहिल्या महिन्यात बोलली होती एकदा. नंतर नाही बोलली.

पाणी? आहे ना, माठ भरून आहे. तिला नाही, तुम्हाला म्हणतोय. घ्या.

स्वेटर का, ते सांगतो. पुढच्या मे महिन्यात राजस्थानात एक शर्यत आहे. बाडमेरच्या पुढून निघायचं, वाळूतून, आणि संपायचं अबूच्या डोंगरावर. दोनशे चाळीस किलोमीटर. अठ्ठेचाळीस तास. हसू नका — नाही, हसला नाहीत, बरोबर. सत्तेचाळीस डिग्री असतं तिथं, डांबरावर बुटाचा तळ चिकटून येतो, आणि त्यात दिवसभर पळून झालं की मग चढ. आपल्याकडं असं पळता येतं कुठं? नाशिकची हवा सगळ्यांना गोड लागते, मला तीच नडते. म्हणून स्वेटर. अंगाची लाही लाही होऊ द्यायची, एकदा नाही, रोज. शरीर म्हणजे रडकं पोर असतं हो, चार दिवस कोकलतं, पाचव्या दिवशी कळतं की कोणी उचलून घेणार नाही, मग गप बसतं. तिचं गप बसलंय आता. फॉर्म पण भरलाय मी. वय अठरा लागतं, तर अठरा लिहिलंय. सहीचं काय — तुम्ही इतक्या लांब, तुम्हाला कुठं सहीसाठी बोलवायचं, केली मीच. नि. म. बरोबर ना? मधलं अक्षर चुकलं असेल तर सांगा.

बसा हो. ऐका तर. मी काय हवेत बोलत नाहीये. त्या शर्यतीत मी माणूस उतरवलाय. दोन हजार चार साली. आत त्या खोलीत भिंतीवर फोटो आहे, येताना बघितला असेल तुम्ही — काळासावळा, बारका, हातात चषक. तो आमचा झिपरू. सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा. एकतीस जण उतरले होते, परदेशी होते, मिलिटरीतले होते, चौदाच पोचले वर, आणि त्या चौदांत दुसरा कोण? पंचवटीच्या भाजीबाजारातला हमाल. आता कुठं असतो ना? सांगतो, सांगतो. आधी तो मला सापडला कसा ते ऐका, कारण तसा माणूस नुसता शोधून सापडत नाही.

तुमच्या बागलाणातही नवरात्रात ज्योत आणतात ना गडावरून? आमचं मंडळ दर वर्षी आणतं, सप्तशृंगीहून थेट पंचवटीपर्यंत, साठ किलोमीटर, अनवाणी. तुम्हाला माहीत आहे कसं असतं — पंचवीस-तीस पोरं, मागं ट्रक, ट्रकवर कर्णा, एकानं ज्योत धरून पळायचं, दमला की पळता पळता दुसऱ्यानं घ्यायची, हा दमला की तिसऱ्यानं. ज्योत थांबवायची नाही, खाली टेकवायची नाही, विझू द्यायची नाही. आणि शेजारून एक जण तेलाचा डबा घेऊन पळतो, ज्योत मंदावली की घालायला. नव्व्याण्णव साली तो तेलाचा डबा झिपरूकडं होता. मंडळाचा नव्हताच तो, बाजारातून असाच ट्रकमध्ये चढवून आणलेला. वणीच्या अलीकडं ज्याच्या हातात ज्योत होती त्याच्या पायात काच गेली, तो लंगडायला लागला, जवळ दुसरं कोणी नव्हतं, तर झिपरूनं डबा त्याच्या हातात दिला आणि ज्योत घेतली. आणि निघाला. वणी गेली. पोरं म्हणाली, दे रे. तो देईना. दिंडोरी गेली. देईना. पोरांना वाटलं माज आलाय ह्याला. मी ट्रकमध्ये पुढं बसलो होतो, मी त्याचं तोंड बघत होतो आरशात, आणि एकदम माझ्या लक्षात आलं — ह्याला माहीतच नाही! त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ज्योत बदलायची असते. त्याला वाटलं, ज्यानं घेतली त्यानं पोचवायची. पोरं दे म्हणत होती तर त्याला वाटलं देवीची परीक्षा चाललीय.

सांगायला हवं होतं? हो, कोणीही सांगितलं असतं. एक पोरगा ट्रकमधून उडी मारून सांगायला निघाला होता, त्याची कॉलर धरली मी. म्हटलं बस खाली. कोणी बोलायचं नाही. बघू या कुठवर जातो. निवृत्तीभाऊ, पंचवटीत रामकुंडावर आला तो ज्योत घेऊन. वणीच्या अलीकडनं. अनवाणी. पायाच्या तळव्याची साल लोंबत होती, आणि तोंडावर असं हसू, की मी नाही हो बघितलं कधी कोणाच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी त्याला मळ्यात घेऊन आलो. बाजारातली हमाली सोडवली, जेवायला-राहायला इथं. पुन्हा ज्योतीला नाही पाठवला कधी. पाठवला असता तर इतर पोरं बदली करताना दिसली असती ना त्याला. पाच वर्षं जपलं मी ते.

ते तुम्हाला क्रूर वाटतं. तुमच्या कपाळावर दिसतंय. मग तुम्हाला माझं एक सांगतो, जे ह्या पोरांना सांगत नाही. अठ्ठ्याऐंशी साली मी पळायचो. बेचाळीस किलोमीटर, निवड होती, पुण्याला. पस्तीसला माझ्या बरगडीखाली कळ आली. मी चौथा होतो. चार घेणार होते. माझे जे सर होते, भला माणूस, जीपमधून शेजारनं येत होते, त्यांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, यादव, थांब बाबा. जिवापेक्षा काही मोठं नाही. पाणी दिलं, टॉवेल दिला, जीपमध्ये घेतलं. दहा मिनिटांनी कळ गेली. गेली हो! साधी कळ होती! मी जीपमध्ये बसून बघत होतो, पाचवा होता तो चौथा झाला, त्याला पुढं रेल्वेत नोकरी लागली, भारताचा कोट घालून फोटो आला त्याचा. आणि मी पंचवटीत काय झालो? जीपवाला यादव. आजसुद्धा म्हणतात मागं. कुठला यादव — जीपवाला. मला आयुष्यात एक थांब म्हणणारा भेटला म्हणून मी हा असा राहिलो. तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखालच्या पोराला हा शब्द ऐकू येता कामा नये.

टण्ण. ऐकलंत? आली आणि गेली. जरा तिरकी पळतेय, हो. उजवा पाय आत पडतोय. पडू दे, तो आपला आपण सरळ होतो.

तर शर्यत. जीप चालवायला सोमा होता, आमच्याच गल्लीतला, आणि मी. प्रत्येकाबरोबर त्याची त्याची माणसं लागतात, नियमच आहे, पाणी द्यायला, बर्फ द्यायला. नियमांचं पुस्तक होतं, इंग्रजीत. आदल्या दिवशी बोलावून समजावून पण सांगितलं, इंग्रजीत आणि हिंदीत. झिपरूला हिंदी बाजारापुरतं — कितना, किधर, रख दो. त्याची बोली कोकणी, गोव्याकडची नव्हे, आमच्या डोंगरातल्या आदिवासींची, मला समजायची, इतर कोणाला नाही. सगळं मीच सांगायचं त्याला. तर मी सांगितलं — कुठून निघायचं, कुठं पोचायचं. आणि त्यात एक नियम होता, की कोणालाही कुठंही थांबता येतं, छातीवरचा नंबर काढून आपल्या माणसाच्या हातात दिला की झालं, गाडीत बसायचं, कोणी काही म्हणत नाही. तो नाही सांगितला. गडावरचं कुंकू कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या कमरेला बांधलं आणि म्हटलं, झिपरू, ही ज्योतच आहे, दिसत नाही एवढंच. डोंगरावर नेऊन ठेवायची. तो म्हणाला, बरं सर. वाटेत त्यानं बघितलं, एक गोरा रडत रडत गाडीत चढला. मला विचारतो, सर, तो बसला? म्हटलं, त्याची वाट तेवढीच होती. म्हणाला, हां. आणि पुढं.

पहिला दिवस वाळूत गेला, रात्र बरी गेली, दुसऱ्या दिवशी दुपारी एकशे नव्वदला त्याला उलटी झाली. पाणी पोटात राहीना. सोमा म्हणाला, यादवभाऊ, बसवा आता ह्याला. मी म्हटलं, तू स्टिअरिंग धर. पुढं डॉक्टरचा तंबू होता, तिथं सगळ्यांना थांबवून तपासायचे. डॉक्टरीणबाई होती, तरुण, चांगली होती स्वभावानं. तिनं हिंदीतून विचारलं, लघवीचा रंग कसा आहे? झिपरू माझ्याकडं बघतोय. मी त्याच्या बोलीत विचारलं. तो म्हणाला, काळी होतेय सर. काळ्या चहासारखी. सकाळपासनं. आणि मी बाईंना सांगितलं — पिवळी. एकदम साफ.

काय? हो, मी असंच सांगितलं. एकशे नव्वद झाले होते! दुसरा होता तो! तुम्ही असता तर — नसतं सांगितलं, बरं. तुम्ही कांदा लावता. बाईंना तरी शंका आली, तिनं हातानं खूण केली, बस, बैठो. आणि निवृत्तीभाऊ, तो बसला. पाच वर्षांत पहिल्यांदा. कोणीतरी प्रेमानं बस म्हटलं आणि खाली मांडी घालून बसला, लहान मुलासारखा, डोळे मिटले. मी कानाजवळ गेलो, म्हटलं, झिपरू, पुडी टेकली खाली. टेकली बघ. असा उठला! ताडकन उठला, कमरेची पुडी दोन्ही हातांनी वर धरली, आणि चालायला लागला. बाई म्हणाली, काय म्हणालात तुम्ही त्याला? म्हटलं, विचारलं, जमेल का, तर तो हो म्हणाला.

म्हणून मी तेव्हापासून ती पद्धत सुरू केली. कुठली? हेच की — एका अनोळखी बाईनं हात केला आणि पाच वर्षांची मेहनत खाली बसली, असं पुन्हा होता कामा नये. म्हणून आता पोरं पळत असतात ना, मी मधेच हाक मारतो, थांब, झाल्या फेऱ्या, पाणी पी. जो थांबला त्याच्या फेऱ्या पहिल्यापासून. खडे सगळे परत. आणि त्या दिवशी जेवण नाही. कधी दमदाटीनं हाक मारतो, कधी अगदी आईसारखी, गोड. कधी खोटं रडतो पण. पहिले आठ दिवस सगळी फसतात. तुमची निकिता दोनदा फसली. दुसऱ्यांदा फसली तो दिवस जरा जास्त झाला, पडली होती, तेच तिनं फोनवर सांगितलं असेल तुम्हाला. त्यानंतर नाही फसली. परवा मी तिला म्हटलं, निकिता थांब, तुझे बाबा आलेत — मान पण नाही वळवली! आठही पोरांत अशी एक नाही.

हो, खरंच तुम्ही आलाच की आज. योगायोग.

झिपरू कुठंय? परत तेच. सांगतो म्हटलं ना. चढला तो डोंगर. अबूचा घाट रात्रीचा चढला, पंचेचाळीस तास दहा मिनिटं, वर दिवे होते, माळ घातली कोणीतरी, फोटो काढला, तोच आत लावलाय. मग माझ्याकडं आला आणि ती पुडी पुढं केली. म्हणाला, सर, आता ठेवू? म्हटलं, ठेव. ठेवली आणि आडवा झाला. आम्हाला वाटलं झोपला. नंतर लघवीच होईना. दुसऱ्या दिवशी खाली दवाखान्यात नेला, अंगावर सूज, आता तिथले डॉक्टर विचारायला लागले, लघवी काळी कधीपासून? मी म्हटलं, आजच. आता काय सांगणार होतो? त्या बाईंच्या कागदावर पिवळी लिहिलेली, खाली माझी सही. एकदा सांगितलेलं बदलता येईना. सोमा मागं उभा होता, तो सांगायला पुढं झाला तर मी — नाही, त्याची कॉलर नाही धरली. नुसतं बघितलं त्याच्याकडं. तो बाहेर गेला. अजून बोलत नाही माझ्याशी, समोरनं आला तर रस्ता बदलतो.

गेला तो. तिसऱ्या दिवशी.

अहो, हर्षलनं सांगितलं असेल तुम्हाला असं मला वाटलं, तुमच्या भाच्यानंच तर तुम्हाला माझं नाव दिलं ना? मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे. चांगुणा, त्याची बायको, आली होती इथं. फाटकापाशी बसून राहिली दोन दिवस, मागत काही नव्हती, नुसती बसली. पदक दिलं मी तिला. चषक नाही दिला, तिच्या पाड्यावरच्या घरात कुठं ठेवणार? इथं चार पोरं बघतात तरी. ती म्हणाली, तो काही बोलला का. म्हटलं, तुझं नाव घेतलं. घेतलं नव्हतं. तेवढं एक चांगलं केलं मी, ते कोणी धरत नाही. आणि मला झोप लागत नाही असं वाटतं का तुम्हाला? लागते. नाही लागत कधी कधी. एकच शब्द होता. थांब. माझ्या तोंडात होता तो, एकशे नव्वदपासून वरपर्यंत, जिभेवर होता, आणि मी जीपमध्ये बसून —

उठलात. बरं. न्यायची म्हणता. पोलिसात जाईन म्हणता. जा की, नामपूरच्या माणसानं गंगापूर रोडच्या पोलिसांना काय सांगायचं, की माझी मुलगी पळते म्हणून? जा. एवढा आवाज चढवायचं कारण नाही, मी काय तिला बांधून ठेवलेली नाही, दावं आहे का कुठं? दिसतंय का? तिकडं जाऊ नका, तुमचं नाही ऐकणार ती. मी सांगतो. मी म्हटलं की थांबेल. मीच शिकवलंय तिला, एका शब्दात थांबेल. बघाच.

निकिता! ए निकिता! थांब! झाल्या फेऱ्या!

…ऐकू नाही गेलं. वाऱ्याची दिशा — येऊ द्या ह्या बाजूला. हां. निकिता, थांब, बाळ. बाबा आलेत. खरंच आलेत, हे बघ, इथं उभे आहेत माझ्याजवळ, पांढरी टोपी. थांब!

टाकला. खडा टाकला आणि गेली.

बघितलंत? माझ्याकडं बघितलं तिनं. घाबरली. तिला वाटलं मी — हसतोय कुठं मी, हसत नाहीये. शहाणी आहे पोर, एवढंच म्हणतोय. थांबा, घमेलं उचलून घेतो, खडा टाकायलाच जागा नाही म्हटल्यावर — आली बघा. निकिता, हे बघ, संपलं, घमेलं नाही, खडे नाहीत, ओतून टाकले सगळे. आजची परीक्षा नाही ही. शपथ. आईची शपथ घेतो माझ्या. उद्या जेवण देणार, आज पण देणार. अगं थांब!

वळली. बाहेरच्या बाजूनं वळली, माझ्यापासून लांबून. वेग वाढवला तिनं. कशाला वाढवला? एवढ्या उन्हात, स्वेटर — आणि घाम दिसतोय का तुम्हाला? तोंडावर घाम आहे का तिच्या? मला नाही दिसत. सकाळी होता. कोरडं आहे तोंड. कोरडं झालं की मग —

मला नाही पळता येत हो, माझे गुडघे गेलेत, दहा पावलांवर बसतो मी. तुम्ही जा. निवृत्तीभाऊ, तुम्ही जा, आडवे व्हा तिला. त्या वळणाला कापून जा, मधून जा, वहाणा काढा. धरा तिला, मारलं तरी धरा. आणि निकिता म्हणून हाक नका मारू, मी तेच नाव घेऊन — घरी काय म्हणता तिला? वहिनी काय म्हणतात? लहानपणचं काही असेल, मला माहीत नसलेलं. त्या नावानं मारा. पळा. मारा हाक. जोरात. अजून जोरात मारा, ऐकत नाहीये ती. अजून एकदा —